नुसते ओठ हलवा

—नाही नाही, बटण कशासाठी आहे ते कळलं मला, ताई, तेवढा काही मी ढ नाही. आवाज आला की दाबायचं. दाबलंच की मी! काय? आवाज यायच्या आधी? सहाच्या सहा वेळा? अहो, मग त्यात माझा काय दोष — तुम्ही तालात वाजवता. बोट ठेवता, एक-दोन-तीन-चार, आणि टूं. परत एक-दोन-तीन-चार, टूं. सम कुठे येणार ते कळल्यावर मी वाट कशाला बघू? हात आपोआप पडतो. चौतीस वर्षं वृंदगान शिकवतोय मी, हाताला सवय आहे. तपासणी फुकट गेली म्हणता? पुन्हा पहिल्यापासून? करा की, माझी ना नाही. पण या वेळी ताल मोडून वाजवा. जमेल? वाटतं तितकं सोपं नसतं हां ते — बेताल वागायलाही रियाज लागतो. आणि एक सांगू का, राग मानू नका, मघाशी तुम्ही मला सूचना दिलीत ना, 'आवाज आला की बटण दाबा' — त्यात तुम्ही श्वास घेतलात 'बटण' आणि 'दाबा'च्या मध्ये. तिथे नाही घ्यायचा. 'आला की'नंतर घ्यायचा. बघा म्हणून. मनातल्या मनात म्हणा, मला चालेल.

कधीपासून? फॉर्मवर लिहिलंय मी. रविवारपासून — गेल्या नाही, त्याच्या आदल्या. आज अकरावा दिवस. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझे कान गेले. एकाएकी. म्हणजे वेळही सांगू शकतो मी, कारण स्पर्धा होती, सगळ्या शहरातले वृंद आलेले, आमचा नंबर चौथा. बत्तीस जण तीन रांगांत उभे, पांढरे कपडे, एकाच्याही खिशात पेन दिसत नाही — मी सक्त ताकीद दिलेली असते. साथीला वाद्य नाही, नुसता गळा. मी सुराची शिट्टी फुंकली. ऐकू आली, हो, स्पष्ट ऐकू आली. हात वर केला. बत्तीस तोंडं उघडली. हात खाली आणला — आणि काहीच नाही! शून्य! तोंडं हलतायत, भुवया वर जातायत, मागच्या रांगेत एकाच्या मानेच्या शिरासुद्धा फुगल्यात, आणि मला एक स्वर ऐकू येत नाही. प्रेक्षकांत तिसऱ्या ओळीत कोणीतरी खोकलं, ते आलं. पंख्याची करकर आली. श्वास आले, ताई! श्वास! कोणी कुठे श्वास घ्यायचा याचा मी तक्ता करतो, शेजारच्या दोघांनी एकदम घ्यायचा नाही, म्हणजे आवाज तुटत नाही — ते श्वास अगदी तक्त्याप्रमाणे, पहिली रांग, मग दुसरी, मग तिसरी, ओळीनं ऐकू आले. ओठ मिटताना 'प' आणि 'ब' फुटतात ना, ते पण आले, चणे फुटल्यासारखे. फक्त सूर नाही. म्हणून मी निदान केलंय की माझ्या कानातली व्यंजनं शाबूत आहेत, स्वर गेलेत. असं असतं का हो? नसतं? बघा बरं नीट, पुस्तकात वगैरे.

थांबवणार कसं? चौतीस वर्षांत मध्येच हात खाली टाकला नाही मी. साडेसहा मिनिटं बहिऱ्यासारखा हातवारे करत राहिलो. वाटलं, संपलं, आता घरी बसायचं. शेवटचा हात मिटला आणि — टाळ्या! धो धो टाळ्या, आणि त्या ऐकू आल्या मला! पहिला नंबर मिळाला आम्हाला. खोटं सांगत नाही, ढाल आहे घरी. मुख्य परीक्षक गहिवरले होते, म्हणाले, इतकी एकरूपता आजवर पाहिली नाही, शांततेचा इतका धाडसी वापर कोणी केलेला नाही. मी मान डोलावली. काय गायलो तेच मला माहीत नाही तर बोलणार काय?

नाही, घरी पण तोच प्रकार. म्हणजे कुकर ऐकू येतो, नळ येतो, वरच्या मजल्यावरचे टेबल ओढतात ते येतं. फक्त आमची ही ऐकू येत नाही. ती काय, बाहेर, या काचेतून बघा — बाकावर, मांडीवर मोठी बॅग घेऊन बसलीय ती. पण एक विचारू का, आवाजाच्या खोलीला खिडकी कशाला ठेवलीत? लोकांचा जीव घुसमटतो? बरोबर आहे, भिंतींना हे गाद्यांसारखं लावलंय त्यानं माझाही घुसमटतोय. तर ही. रविवारपासून तिचे ओठ हलतात आणि मला काही येत नाही. सकाळी चहाचा कप घेऊन समोर उभी राहते, ओठ हलवते — आधी ओठ मिटतात, मग फाकतात, मग 'आ', मग 'ऊ'. मी ओठांचा जुना जाणकार, ताई. मिटले म्हणजे 'म', फाकले म्हणजे 'ई' — 'मी'. पुढे 'आऊ'. मी काहीतरी-आऊ. मी म्हटलं, सकाळची वेळ आहे, 'मी न्हाऊ?' असं विचारत असणार. म्हटलं, 'हो, हो.' रोज विचारते, रोज मी 'हो हो' म्हणतो. कान गेलेत हे कशाला सांगायचं? वृंद शिकवणारा बहिरा झाला म्हटल्यावर लोक काय म्हणतील? मी आपला सगळ्यालाच हो म्हणत सुटलो. मग बुधवारी दोन माणसं आली आणि तिचं शिवणयंत्र घेऊन गेली. मला वाटलं दुरुस्तीला. शुक्रवारी तिची आरामखुर्ची गेली. आता आरामखुर्चीत काय बिघडणार, पण मी कशालातरी हो म्हटलं असणार! परवा मेहुणीचा फोन आला — ती दुसऱ्या गावात मुलांना गाणं शिकवते, तिचा आवाज असा की मेलेल्यालाही ऐकू जाईल — म्हणाली, 'मग ठरलं ना भावोजी? तुमची परवानगी आहे म्हणाली ताई!' मी म्हटलं, 'हो हो.' काय ठरलं, देव जाणे.

ही बॅग? ही आजचीच. कानातला मळ काढायला चाललोय, एवढंच सांगितलंय मी तिला. मला दाखल करून घेतलंत तर असावी म्हणून आणली असेल. फार काळजी करते माझी. विचारलं मी बसमध्ये, 'बॅग कशाला?' तिनं ओठ हलवले. मी म्हटलं, 'हो हो.'

तुमचा वेळ घेतोय का? बाहेर अजून दोघंच आहेत, बसू दे. मला एकदा मोठ्यानं बोलून बघायचंय, कारण उद्या लेख द्यायचाय. पहिला नंबर आला ना, म्हणून वृंदगान शिकवणाऱ्यांच्या संमेलनाची स्मरणिका निघतेय, त्यात माझा लेख — सर्जनशीलता, कामाच्या सवयी आणि अध्यापन. तीनही गोष्टींवर पाच पानं. मी पहिलं वाक्य लिहिलंय, ऐका: 'सर्जन म्हणजे निवडणं.' कसं आहे? भाजी निवडतो ना आपण — जून देठ काढला, पिवळं पान काढलं, किडकं काढलं, उरते ती भाजी. लोकांना वाटतं वृंद उभा करायचा म्हणजे आवाज जमवायचे. चूक! आवाज कमी करायचे. बत्तीस माणसं गातात तेव्हा एक जण तरी सुरापेक्षा तसूभर खाली असतोच. त्याला ओरडायचं नाही, काढून टाकायचं नाही — शिक्षकानं कोणाला दुखवू नये, हे लेखात दुसऱ्या पानावर घेणार आहे. माझी पद्धत वेगळी. तालीम संपली की त्याला बाहेर घ्यायचं, व्हरांड्यात पाण्याच्या फिल्टरपाशी. खांद्यावर हात ठेवायचा. आणि म्हणायचं — शब्द ठरलेले आहेत, चौतीस वर्षांत एक शब्द बदलला नाही — 'तुमचा चेहरा फार गाणारा आहे हो. उद्यापासून नुसते ओठ हलवा. मी सांगेपर्यंत आवाज काढायचा नाही. आणि हे आपल्या दोघांत, अगदी घरीसुद्धा बोलू नका.' बस. अळीमिळी गुपचिळी. माणूस खूश होऊन जातो, ताई! त्याला वाटतं त्याच्यावर काही खास कामगिरी सोपवलीय.

आमचे दातांचे डॉक्टर होते पहिले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, 'सर, आयुष्यभर मी लोकांना आ करून गप्प बसायला सांगतोय, आता माझी पाळी.' त्यांना मी पहिल्या रांगेत आणलं, दात चांगले दिसतात. ओठ हलवणाऱ्यांना एक सवलत असते — शब्द पाठ नसले तरी चालतात. 'ग' म्हणा, 'ज' म्हणा, 'द' म्हणा, ओठांना सगळं सारखंच. 'गा' आणि 'जा' बाहेरून एकच दिसतं. डॉक्टर तर सगळं गाणंभर दाढांची नावं म्हणायचे आणि कोणाला पत्ता लागला नाही. मग पोस्टमास्तर. निवृत्त आता. त्यांना सांगून अठरा वर्षं झाली. अजून रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतात, थंड पाणी पीत नाहीत, मफलर सोडत नाहीत. मागच्या वर्षी डॉक्टरची चिठ्ठी आणली, घसा बसलाय, पंधरा दिवस गाऊ शकणार नाही. मी रजा मंजूर केली. काय करणार? सवय आहे ती, चांगली सवय, कामाच्या सवयींत मी त्यांचं उदाहरण देणार आहे. जुळ्या बहिणींचा मात्र घोळ झाला. एकीला सांगितलं, सहा महिन्यांनी दुसरीला सांगायला गेलो तर ती पहिलीच निघाली. तिनं बिचारीनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून ओठ हलवायचंही बंद केलं. मग दुसरी आपोआप गप्प झाली. जुळ्यांचं तसंच असतं.

आणि गंमत सांगू? प्रत्येकाला गप्प केलं की गाणं आणखी स्वच्छ व्हायचं! हाच तर माझा शोध. दरवर्षी एखाद-दुसरा कमी करत गेलो, आणि दरवर्षी लोक म्हणायचे — 'काय मिसळलेत आवाज! जणू एकाच गळ्यातून!' वर्तमानपत्रात आलं होतं तसं, जणू एकाच गळ्यातून. कात्रण आहे माझ्याकडे. मी डोळे मिटून हात हलवायचो आणि तो एक भरीव, उबदार, किंचित खरखरीत आवाज यायचा अंगावर — काय सांगू तुम्हाला, मी घरी गेल्यावरही तोच आवाज कानात घोळत असायचा. स्वयंपाकघरातून यायचा! इतकी एकाग्रता होती माझी.

हिला का नाही बोलावत आत? नको, तुम्ही तपासा मला. ती वृंदातच आहे. सत्तावीस वर्षं. दुसऱ्या रांगेतली शेवटची. तालमीत आमचं नातं नसतं हां, दारातच काढून ठेवायचं चपलांबरोबर, हा नियम मीच केलाय. तिथे मी तिला 'शेवटच्या बाई' म्हणतो आणि ती मला 'सर' म्हणते. पक्षपाताचा आरोप नको. उलट मी तिच्याशी जास्तच कडक. हे लेखात घ्यावं की नाही ठरत नाहीये, पण तुम्हाला सांगतो — स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी शेवटची तालीम. मी डोळे मिटून ऐकतोय आणि मला लागलं खटकायला. एक आवाज वेगळा ऐकू येतोय. एकच आवाज, बाकीच्यांत न मिसळणारा, सगळ्यांच्या वर. म्हटलं, इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडणार. रांगेतून कान लावून फिरलो. पहिली रांग, काही नाही. तिसरी रांग, काही नाही, अगदी स्वच्छ. दुसरी रांग, सरकत सरकत शेवटाला आलो — तर ही! दुसरा कोणी असता तर कानाडोळा केला असता, आपला तो बाब्या म्हणून. मी केला नाही. तालीम संपल्यावर बाहेर घेतलं, फिल्टरपाशी. खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, 'तुमचा चेहरा फार गाणारा आहे हो. उद्यापासून नुसते ओठ हलवा. मी सांगेपर्यंत आवाज काढायचा नाही. आणि हे आपल्या दोघांत, अगदी घरीसुद्धा बोलू नका.'

तुम्ही हसताय का? मला दिसलं. हिनं मात्र जरा वेळ बघितलं माझ्याकडे आणि म्हणाली, 'घरी कोणाला सांगणार, सर?'

शेवटचं तेवढंच ऐकलं मी तिच्याकडून. आठवतं, कारण 'सर' लांबवला होता तिनं थोडा, आणि श्वास अगदी बरोबर जागी घेतला होता. त्यानंतर घरी येईपर्यंत गप्प. मला वाटलं, उद्याच्यासाठी आवाज जपतेय. गाणारे जपतात.

हं, लावा, लावा हेडफोन. बोलत नाही आता. ताल मोडून हां.

…

आला. … आला. … हा तर फारच बारीक, पण आला. … हा उजव्या कानात. … हा मघाचाच, थोडा वरच्या पट्टीत. … आला. … अहो, फसवताय मला, आता काही वाजवलंच नाहीत! … हा आला.

झालं? काय निघालं? हा आलेख म्हणजे — वर असलेला चांगला की खाली असलेला? वर? मग हा वरच आहे की! कान चांगले आहेत? चांगले म्हणजे किती चांगले? विशीतल्या माणसासारखे? ताई, तुमचं मशीन बिघडलंय. नाही, नुसत्या टूं-टूंचं काय कौतुक, माणसाचा आवाज येत नाही मला. तुमचा येतोय — हो, तुमचा येतोय, श्वास चुकीच्या जागी असला तरी येतोय. बाहेरच्या त्या नाव पुकारणाऱ्या बाईंचाही आला. मग फक्त वृंदाचा आणि हिचाच कसा…

थांबा हं.

नाही, तुम्ही बोलू नका, मला मोजू दे. दातांचे डॉक्टर एक. पोस्टमास्तर दोन. जुळ्या — तीन आणि चार. मागची रांग, दहा जण, ते सभागृहाचं छप्पर गळत होतं त्या वर्षी उरकले, पाऊस पडायचा म्हणून व्हरांड्यात एकामागून एक घेत होतो. चौदा. पहिल्या रांगेतले उरलेले… उंच बाई, त्यांचा नवरा, आणि ते शिंकणारे, आणि… पहिली रांग संपली. दुसरी रांग. नवीन येणाऱ्याला तर मी पहिल्याच दिवशी सांगतो, वेळ वाचतो. अहो, पण मी कधी यादी ठेवली नाही ना! श्वासांचा तक्ता ठेवला, आवाजांचा ठेवलाच नाही! प्रत्येकाला घरीसुद्धा बोलू नका म्हणून सांगितलेलं, ते एकमेकांना कसे सांगतील? प्रत्येकाला वाटत होतं, आपण सोडून बाकीचे सगळे गातायत. आणि मला वाटत होतं — एकतीस. एकतीस जणांना गप्प केलंय मी.

आणि शनिवारी बत्तिसावी.

म्हणजे तो आवाज. जणू एकाच गळ्यातून. अहो, एकाच गळ्यातून येत होता तो! कात्रणात खरं लिहिलं होतं! ती एकटी गात होती, ताई. किती वर्षं कोण जाणे, बत्तीस माणसांचं ती एकटी गात होती, आणि मी तिच्याकडे पाठ नाही, तोंड करून उभा होतो, डोळे मिटून. तिला कळलं नसेल का? शेजारच्या तोंडातून काही येत नाही हे कळत नाही होय माणसाला? कळलंच असणार. आणि तिनं ब्र काढला नाही. मला वाईट वाटेल म्हणून. माझ्या पद्धतीला धक्का लागेल म्हणून. आणि मी तिला म्हटलं, नुसते ओठ हलवा. गाढव आहे मी. लेखात लिहा — नाही, लेख नको, लेखाचं नाव काढू नका.

मग घरी? घरी तरी बोलायचं ना! मी सांगेपर्यंत आवाज काढायचा नाही, म्हणालो होतो. अगदी घरीसुद्धा. सांगितलं कुठे मी अजून! अकरा दिवस ती माझी वाट बघतेय. अकरा दिवस सकाळी चहा घेऊन येते, आणि विचारते — मी… आऊ. न्हाऊ कसलं डोंबलाचं! माणूस नवऱ्याची परवानगी घेऊन न्हातो का? 'मी गाऊ?' विचारत होती ती! 'मी गाऊ?' आणि मी म्हटलं, हो हो! मग प्रश्न मिटला की, परवानगी दिलीच आहे मी.

काय? मग गायली का नाही?

हो. गाऊ असतं, तर दुसऱ्याच दिवशी गायली असती.

… 'मी जाऊ?'

ओठांना सारखंच दिसतं, ताई. मीच शिकवलंय. शिवणयंत्र. आरामखुर्ची. मेहुणी कधीची मागे लागलीय, ये, इथल्या मुलांना शिकव, तुझा आवाज फुकट चाललाय. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, वृंदाचं काय? आणि आता रोज सकाळी, हो हो. दोनदा. एकदा म्हणून थांबलो नाही कधी, दोनदा. आणि ही बॅग माझ्यासाठी नाहीये. हॉस्पिटलात कोण एवढी बॅग आणतं, त्यात तिची वहीसुद्धा आहे गाण्याची, कोपरा दिसतोय बघा बाहेर आलेला. माझे कान तपासून होईपर्यंत थांबलीय ती. जायच्या आधी एवढं करून जावं म्हणून.

उठली ती. ताई, ती उठली! घड्याळ बघतेय. अगं ए! अगं! — हिला ऐकू जात नाही का? हो, या गाद्या. काच वाजवतो. बघितलं! बघितलं तिनं इकडे! थांबा, तुम्ही मध्ये येऊ नका, एका वाक्याचं काम आहे. मी सांगेपर्यंत नाही म्हणालो होतो ना, आता सांगतो. नीट, मोठा आकार करून — 'तू' — ओठ पुढे, 'गा' — जबडा दोन बोटं खाली. तू — गा. तू गा! ऐकू नाही गेलं तरी दिसतंय तिला, सत्तावीस वर्षं माझ्या ओठांकडे बघून गातेय ती. तू! गा! मला तुझा आवाज हवाय, बाकी काही नको, ढाल नको, वृंद नको, तू गा!

समजलं तिला! बघा, मान हलवली. ओठ हलले — 'हो, हो.' दोनदा. हसली पण जराशी. समजलं. सत्तावीस वर्षांचा सहवास आहे, ताई, काच काय आड येणार?

बॅग का उचलली?

काय म्हणालात? मी काय सांगितलं तिला? 'तू गा' म्हटलं. स्पष्ट. 'तू गा'.

… 'तू जा'.

अहो, दार उघडा! हे दार ढकलायचं की ओढायचं? ओढायचं! जड किती — हं. गेली. रस्त्यावर गेली. बाहेरच्या दाराच्या काचेतून दिसतेय अजून. टॅक्सी चाललीय, तिनं हात केला, ओठ हलले — आणि टॅक्सी थांबली. बघितलंत? वळूनसुद्धा न बघता थांबला तो. टॅक्सीवाल्याला ऐकू गेलं. इथपर्यंत थोडंसं आलं मला पण. भरीव, किंचित खरखरीत. तोच.

पळू? पळत जाऊन काय सांगू? माझं सांगून झालंय. अकरा दिवस रोज दोनदा, आणि आत्ता काचेतून.

बाहेरच्यांना घ्या आत. खोळंबलेत बिचारे. हा कशाचा कागद? माझाच? कान उत्तम आहेत म्हणून लिहिलंय? सही-शिक्क्यासकट? बरं. काय म्हणालात? — घरी दाखवा?

घरी कोणाला दाखवणार, ताई?